पॉइंट पासष्ट

वडनेर भोलजी
९ सप्टेंबर

प्रिय प्राची,

पत्र पाहून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा पूर्वी दुखायचा तेवढाच दुखतो आणि माझ्या तक्रारी करण्याइतका दम तिच्यात अजून आहे. फोन हातात असताना बाबांनी कागद का काळा केला, असं तुला वाटेल. गेल्या आठ दिवसांत मी तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा बोलणं पावसापाण्यावर नेलं. शेवटच्या वेळी तूच विचारलंस, बाबा काही सांगायचं होतं का, तर मी म्हणालो, नाही, सोयाबीनला शेंगा बऱ्या लागल्यात. आपल्याला शेतच नाही. कोणाच्या सोयाबीनची खुशाली मी तुला पुण्याला कळवत होतो ते मलाही ठाऊक नाही. कागदावर असं सटकता येत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

करिष्माचा फोन आला होता. डिप्लोमाला तुझ्या शेजारी बसायची तेव्हा तिला माप घ्यायचं व्हर्नियर धड धरता यायचं नाही, आणि आता खामगावच्या एमआयडीसीत स्वतःचं सीएनसी मशीन घेऊन बसली आहे. ऐकून आनंद झाला आणि थोडी असूयाही वाटली, खोटं कशाला बोलू. तिला तुझा रेझर करायचा आहे. पितळी, जन्मभर टिकणारा, आणि तू म्हणायचीस त्याच किमतीत, चारशेच्या आत. ड्रॉइंग तुझं, नाव तुझं, मशीन तिचं. वीस तारखेपर्यंत ती थांबेल, त्यानंतर तिच्या मशीनला वर्षभर दुसऱ्या कंपनीचं काम लागणार आहे. आणि तू तिला नाही म्हणालीस. का, तर म्हणे, "मले माह्या मापाचा भरवसा राह्यला नाही." हे सांगताना पोरगी रडवेली झाली होती. मी बरं, बरं म्हणून फोन ठेवला, लेथ बंद केलं आणि चहा येईपर्यंत स्टुलावर नुसता बसून राहिलो.

हे सगळं सुरू कसं झालं ते तू विसरली नसशील. पुण्याच्या ट्रेनिंगहून आलीस ती खांद्यावरची बॅग न उतरवताच वर्कशॉपमध्ये शिरलीस. तिथल्या एका मॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवलेला परदेशी रेझर तू पाहिला होतास, किंमत सात हजार. दुकानदाराला हातात द्यायला लावून तू तो खोलून पाहिलास म्हणे. टोपी, खालची पट्टी आणि दांडी, बस. तू म्हणालीस, बाबा, तीन तुकडे आणि एक आटा आहे त्यात, याच्याहून अवघड आटे तुम्ही फवारणी पंपाला पाडता. मग आपल्या गावची माणसं चार दाढ्यांत बोथट होणारं प्लास्टिक उकिरड्यावर फेकत का बसतात? चांगली वस्तू काचेतच का राहावी? मी हसलो. पोरगी दाढीचं मशीन करणार, हे फाट्यावरच्या हॉटेलात सांगून सगळ्यांना हसवणाराही मीच होतो. तुला वाटत आलंय की ती चेष्टा गावानं केली. गावानं नंतर केली.

पण हसून झाल्यावर मी तुला पंपाच्या नोझलच्या कामातले उरलेले पितळी रॉडचे तुकडे काढून दिले, आणि मग जे पाच महिने गेले तसे माझ्या आयुष्यात आधी गेले नव्हते. सकाळी दोघं मिळून शटर उघडायचो. दांडीवर ओला हात सटकू नये म्हणून बारीक खरखर पाडायची, ती तुला फार आवडायची. लेथवर तो आवाज आला की तू हातातलं काम टाकून बघायला यायचीस. निकेल चढवायला खामगावच्या चांदीवाल्यांकडचा पॉलिशवाला गाठलास आणि त्याच्याशी घासाघीस करून त्याला असा जेरीस आणलास की तो मला म्हणाला, पुढच्या वेळी तुम्हीच या. चाळीस वर्षं मी लोकांच्या मोडलेल्या वस्तू नीट केल्या. कोणी मोडण्याआधीच एखादी वस्तू माझ्या हातून होते आहे, हे मला नवं होतं.

रेझरचा सगळा जीव त्या फटीत असतो, हे तूच मला शिकवलंस. ब्लेडची धार आणि खालची पट्टी यांच्यातली फट. फार कमी झाली तर केस कापत नाही, वाढली तर ब्लेड धीट होतं आणि कातडीवर येतं. तू आकडेमोड करून पॉइंट पासष्ट मिलिमीटर काढलंस. पहिला रेझर झाला, फट मोजायची पातळ पट्टी, फीलर गेज, घालून पाहिलं, बरोबर पॉइंट पासष्ट. दांडीच्या बुडाला पंचानं '१' हा आकडा ठोकलास आणि माझ्या हातात दिलास. तुला स्वतःला तर करून पाहता येणार नव्हतं. म्हणून माझा गाल हेच तुझं शेवटचं गेज झालं. रोज सकाळी चहाआधी मी दाढी करून यायचो आणि तू बोटांच्या पाठीनं माझ्या गालावरून खालून वर हात फिरवायचीस, डोळे मिटून. आई म्हणायची, भाकरी भाजली का पाहतात तशी पाहते पोरगी. तू म्हणायचीस, गेज आकडा सांगतं, बाबांचा गाल खरं सांगतो.

माझी दाढी कशी चालते ते तुला लहानपणापासून माहीत आहे. पितळी वाटी, ब्रश, तुरटीचा खडा आणि तो जाड काचेचा पेला. माझे वडील ब्लेड पेल्याच्या आतून बोटानं दाबून घासायचे, वीस वेळा या बाजूनं, वीस वेळा त्या बाजूनं, की धार परत येते. एक ब्लेड ते दिवाळी ते होळी चालवायचे. मी त्यांच्यापेक्षा उधळ्या, मी दोन महिन्यांनी बदलतो. तू लहान असताना त्या पेल्याचा किर्र किर्र आवाज ऐकून कानांवर हात ठेवायचीस.

पहिल्या दिवशी मी आलो आणि म्हणालो, ओढतंय. तू हात फिरवलास, खुंट तुझ्या बोटांना लागले. ब्लेड नवं टाकलं ना, असं तू विचारलंस. चाचणीसाठी तू मला दहा ब्लेडचं पाकीट आणून दिलं होतंस आणि दर आठवड्याला बदला असं दोनदा बजावलं होतंस. मी हो म्हणालो. चार दिवस तू वाट पाहिलीस आणि मग नव्या पट्टीची कड घासून दुसरा रेझर केलास, फट पॉइंट पंचाहत्तर. नंबर दोन. मी म्हणालो, अजून ओढतंय. नंबर तीन, पॉइंट पंच्याऐंशी. मी म्हणालो, बरं आहे, पण हनुवटीखाली अडतं. तू तुझी वही पुन्हा पुन्हा तपासायचीस. आकडे पासष्टवर अडून बसायचे आणि माझा गाल पुढे ढकलायचा. शेवटी तू वही मिटलीस आणि माझ्या गालाचं ऐकलंस. नंबर चार, पॉइंट पंच्याण्णव. मी म्हणालो, आता जमलं. तेच माप धरून आपण तीस रेझर केले.

नांदुऱ्याच्या बचत गटांच्या प्रदर्शनाचं मी फार लिहीत नाही, ते तुझ्या अंगावर कोरलेलं असेल. आईच्या गटाच्या पापड-कुरड्यांशेजारी तुझं टेबल, टेबलावर आरसा, गरम पाण्याचा थर्मास आणि रांगेत मांडलेले तीस रेझर, प्रत्येकात कोरं करकरीत ब्लेड. पंजाबराव गुरुजी सगळ्यांच्या आधी खुर्चीत बसले. तुला पहिलीत मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती. त्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू होती हे आपल्या कोणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्याच हाताला गालावर लाल रेघ उमटली, मग हनुवटीवर. तुरटी लावली, कापूस लावला, तासभर रक्त थांबेना. पांढरा सदरा छातीपर्यंत भिजला. मागोमाग बसलेल्या दोघांनाही कापलं. कोणीतरी मागून म्हणालं, दाढी आहे का बोकड आहे, आणि मंडपभर हशा पिकला. तू हसणाऱ्यांकडे पाहिलंही नाहीस. गुरुजींसमोर खाली बसलीस, त्यांचे दोन्ही हात धरलेस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "गुरुजी, माह्यं माप चुकलं."

मी तुझ्या शेजारी उभा होतो, हातात थर्मास धरून.

पुढच्या चार दिवसांत तू पुण्याच्या कंपनीला होकार कळवलास आणि रविवारी निघालीस. तिथं मोजमापाच्याच खात्यात आहेस, दुसऱ्यांचे पार्ट मोजतेस, हे ऐकून लोक मला म्हणतात, पोरीनं नाव काढलं. मी हो म्हणतो. जाताना तू सांगितलंस, ते तीसच्या तीस वितळवा, बाबा, एकही ठेवू नका. मी वितळवले. आता तू घरी येतेस तेव्हा मी दाढी वर्कशॉपवर करतो. मागच्या दिवाळीत तू आईला विचारलंही होतंस, बाबा घरी दाढी का करत नाहीत. तिनं काय सांगितलं मला माहीत नाही. तिला तेव्हा कारण माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात महालक्ष्म्या बसायच्या आधी तिनं घर झाडायला काढलं. जेवायला बसलो तर ताटाशेजारी लिंबाच्या फोडीच्या बाजूला एक पाकीट ठेवलेलं. दहा ब्लेडचं, सील न फोडलेलं, वर तुझ्या अक्षरात लिहिलेलं, 'बाबा, चाचणी'. आई वाढत राहिली. मीही जेवत राहिलो. आता तुला कळलं असेल, प्राची. तू विचारायचीस, नवं टाकलं ना, आणि मी हो म्हणायचो, तेव्हा ते पेल्यात घासलेलं जुनंच असायचं. मला ते खोटं बोलल्यासारखंही वाटत नव्हतं. घासलं म्हणजे नवंच झालं की, असा माझा हिशेब. दर आठवड्याला चांगलं ब्लेड फेकून द्यायचं, ही मला शिकल्यासवरल्या पोरीची चैन वाटली. जन्मभर टिकणारी वस्तू स्वस्तात करायला निघालेल्या पोरीचा बाप दोन रुपयांच्या ब्लेडला चिकटून राहिला. ओढत होतं ते माझं दोन महिन्यांचं बोथट ब्लेड. तू ते तुझ्या मापावर घेतलंस आणि माझ्या गालासाठी फट वाढवत गेलीस. त्या फटीत कोरं ब्लेड बसलं आणि गुरुजींच्या गालावर चाललं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी पंजाबराव गुरुजी पंपाचा वॉशर घेऊन वर्कशॉपवर आले. पाकीट सापडल्यापासून घरी आईसमोर दाढी करवत नव्हती, म्हणून मी तिथंच दाढीचं सामान मांडून बसलो होतो. त्यांनी रेझर उचलला, दांडीचं बूड चष्म्याजवळ नेलं आणि म्हणाले, हे तर पोरीचं आहे. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, आत्ता तुला सांगतो आहे त्याहून जास्तच. त्यांनी खुर्ची उजेडात ओढली आणि मला म्हणाले, लाव साबण. त्यांची ती गोळी अजून चालू आहे. ब्लेड बसवायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. तुझ्याच पाकिटातलं सील फोडून काढलेलं ब्लेड, आणि रेझर नंबर एक. मी त्यांची पूर्ण दाढी केली. एक थेंब रक्त आलं नाही, प्राची. गुरुजींनी गालावरून हात फिरवला, आरशात पाहिलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मले काऊन सांगतो बे भगवान? जिचं हाय तिले सांग." तरी मी लिहिलं नाही. करिष्माचा फोन येईपर्यंत लिहिलं नाही.

एवढ्यावर पत्र संपवलं असतं तर तू मला माफ केलं असतंस. तू म्हणाली असतीस, बाबांच्या लक्षात आलं नाही, चूक झाली. म्हणून उरलेलंही लिहितो. मला हे गेल्या महिन्यात कळलं नाही. प्रदर्शनाहून ते तीस रेझर परत आले तेव्हाच मी त्यांतली ब्लेडं काढून ठेवली. तीस ब्लेडं फेकवली नाहीत माझ्याच्यानं. त्यांतलं एक मी तू निघायच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी नंबर एकमध्ये टाकलं, कारण माझ्या डबीत तोच पडला होता. पहिला हात फिरला आणि मी थांबलो. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. दुसरा गाल केला, हनुवटी केली, हनुवटीखाली केलं. आरशासमोर उभा राहिलो आणि सगळं एका दमात कळलं. तू तेव्हा स्वयंपाकघरात आईला कांदे चिरून देत होतीस. दहा पावलं होती. मी गेलो नाही. चाळीस वर्षं अख्ख्या पंचक्रोशीनं माझ्या मापावर पंप चालवले, आणि माझ्या कंजूषपणापायी पोरीचं नाक कापलं गेलं, हे सांगायला जीभ उचलली नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, माप चुकलं असं तू मंडपात म्हणालीस तेव्हा दोष माझ्या गालाचा नाही, तुझ्या मोजण्याचा आहे असं मला वाटलं होतं, आणि बरं वाटलं होतं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी स्वतःला सांगितलं, नोकरी चांगली आहे, पोरीचं भलं होतंय, आता कशाला. तेव्हापासून मी रोज तुझ्याच रेझरनं दाढी करतो, दर सोमवारी ब्लेड बदलतो, आणि तू आलीस की डबी घेऊन वर्कशॉपवर जातो.

या पत्राबरोबर नंबर एक पाठवतो आहे, आणि पाकिटातली उरलेली नऊ ब्लेडं. तुझ्या खात्यातलं सगळ्यात बारीक गेज त्या फटीत घाल आणि स्वतः बघ. दाढी कोणाकडूनही करवून घे, माझ्या शब्दावर जाऊ नकोस, माझ्या गालावर तर मुळीच नाही. करिष्माला नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, त्यात माझं काही म्हणणं नाही, फक्त माप चुकलं म्हणून म्हणू नकोस. तू निघालीस त्या रविवारी हायवेवर आपण बसची वाट पाहत उभे होतो ते मला रोज आठवतं. बस दिसली तेव्हा तू सवयीनं माझ्या गालावरून हात फिरवलास, खालून वर, आणि डोळे उघडून म्हणालीस, "आज लय गुळगुळीत झाली बाबा. कशानं केली?" मी म्हणालो, "दुकानातून प्लास्टिकचं आणलं." तू म्हणालीस, "चांगलं हाय, तेच वापरत जा," आणि बसमध्ये चढलीस. ती दाढी तुझ्या रेझरनं केली होती, बेटा. पॉइंट पासष्ट.

तुझाच,
बाबा